मानपत्रातली परिचारिका

मराठीच्या प्राध्यापकांकडे पंचक्रोशीतील मंडळी ज्या थोड्या कामांसाठी आवर्जून येतात, त्यांत मानपत्र लिहून देण्याचे काम पहिले होय. निवृत्त होणारे मुख्याध्यापक, सोसायटीचे जुने सचिव, कीर्तनकार महाराज अशा अनेकांची मानपत्रे आम्ही आजवर लिहिली आहेत. त्यासाठी लागणारी शब्दसंपदा आमच्यापाशी तयारच असते. नाव आणि गाव बदलले की काम भागते. ही कबुली फारशी भूषणावह नाही, परंतु पुढील विवेचनासाठी ती देणे आवश्यक आहे.

काही काळापूर्वी कळंबहून असेच एक बोलावणे आले. पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान, घोड नदीच्या काठी वसलेले हे आंबेगाव तालुक्यातील गाव. तेथे राहणाऱ्या एक आरोग्यसेविका निवृत्त होत होत्या. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरी उपकेंद्रांत गेली होती आणि अखेरची वर्षे खालच्या ऊसपट्ट्यात. सरकारी कागदावर त्या ‘आरोग्यसेविका’, जुन्या लोकांच्या तोंडी ‘नर्सबाई’ आणि नव्या पिढीच्या तोंडी ‘सिस्टर’. आम्ही मानपत्र लिहिले. त्यात ‘सेवाव्रती’ होते, ‘त्यागमूर्ती’ होते, ‘मातृहृदयी’ होते, चंदनाचे झिजणे होते आणि तेवणारी दीपज्योतही होती. समारंभाच्या आधी चार दिवस मसुदा दाखवावा म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, चहाचे कप पुढे केले आणि काहीशा संकोचाने म्हणाल्या, “सर, लिहिलंय छान. पण मी काम काय करत होते ते ह्यात कुठं आलंय? हे कुणालाही वाचून दाखवलं तरी चालेल की.”

मग काय लिहावे, असे आम्ही विचारले. त्यांनी सांगितले ते साधे होते. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. एसटी चुकली तरी डब्यातला बर्फ वितळायच्या आत वाडीवर पोचले पाहिजे. गरोदर बाईचे रक्त कमी आहे हे नुसते नोंदवून भागत नाही, गोळ्या तिच्या पोटात जातात की फडताळात, हे पाहावे लागते. आणि रात्रीच्या बाळंतपणात सर्वांत अवघड काय, तर कधी थांबायचे आणि कधी गाडी बोलावून घोडेगावला किंवा मंचरला धाडायचे, हे ठरवणे. “उशीर झाला तर बाई हातची जाते. लवकर पाठवली तर लोक म्हणतात, नर्सबाईनं टाळलं. हे ठरवणं म्हणजे माझी नोकरी. ते चंदन वगैरे राहू द्या.”

परतताना गाडीत आम्ही बराच वेळ गप्प होतो. शब्दांचा व्यवसाय करणाऱ्या आम्हा लोकांना एका आरोग्यसेविकेने शब्दांच्या पोकळपणाविषयी धडा दिला होता. प्रस्तुत लेख त्या धड्यातून निघाला आहे.

१

परिचारिकेची बांधिलकी, तिच्या कामाचा दर्जा आणि रुग्णाला मिळणारी शुश्रूषा यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न वरकरणी आमच्या विषयाच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु ‘बांधिलकी’ हा शब्द आम्ही गेली अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. सार्त्रच्या विचारांच्या निमित्ताने, साठोत्तरी साहित्याच्या आणि दलित साहित्याच्या चर्चेत तो वारंवार येतो. तेथे आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावयास शिकवतो : बांधिलकी कशाशी? आणि कोणाशी? लेखक ‘बांधील’ आहे एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तो सत्तेशीही बांधील असू शकतो. मग परिचारिकेविषयी बोलताना हाच प्रश्न आम्ही का विसरतो?

व्यवस्थापनशास्त्रात जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीची तीन अंगे सांगितली. मनापासून वाटते म्हणून टिकून राहणे, सोडले तर नुकसान होईल म्हणून टिकून राहणे आणि सोडणे बरे नव्हे अशा कर्तव्यभावनेने टिकून राहणे. पुढच्या अनेक अभ्यासांतून असे दिसून आले की, चांगल्या कामाशी सर्वाधिक निगडित असते ती पहिली, म्हणजे मनापासूनची बांधिलकी. नुकसानीच्या भयाने टिकलेल्या माणसाच्या कामात त्यामुळे काही भर पडत नाही, उलट घटच होण्याचा संभव असतो. ही मांडणी उपयुक्त आहे. मात्र तिच्यात बांधिलकी गृहीत धरली आहे ती संस्थेशी. परिचारिकेच्या बाबतीत मात्र किमान तीन वेगळ्या बांधिलक्या एकाच पांढऱ्या कपड्यात नांदत असतात : रुग्णाशी, आपल्या व्यवसायाच्या ज्ञानाशी आणि नोकरी देणाऱ्या संस्थेशी. तिन्ही एका दिशेने ओढत असतील तोवर प्रश्न उद्भवत नाही. एका परिचारिकेच्या वाट्याला तीस-चाळीस खाटा आल्या आणि “सांभाळून घ्या, सिस्टर” असे वरून सांगण्यात आले, की संस्थेशी असलेली बांधिलकी रुग्णाशी असलेल्या बांधिलकीच्या विरोधात उभी राहते. गौरवपर भाषणांत नेमका हाच क्षण गाळलेला असतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. परिचारिकेची बांधिलकी हा तिच्या अंतःकरणातला एकाकी सद्गुण नव्हे. ज्ञान, कौशल्य, पुरेसे मनुष्यबळ आणि सुरक्षितता यांच्या आधारावरच तिचे रूपांतर शुश्रूषेत होते. तो आधार काढून घेऊन केवळ बांधिलकीची स्तुती करणे ही एक प्रकारची फसवणूक आहे, आणि त्या फसवणुकीला लागणारी भाषा आम्हीच, म्हणजे भाषेच्या लोकांनी, पुरवलेली आहे.

२

ही भाषा आली कोठून? ‘सेवा’ या शब्दाला एके काळी मोठे ऐतिहासिक काम करावे लागले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परक्या माणसाच्या देहाला स्पर्श करणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे, या गोष्टी उच्चवर्णीय स्त्रीसाठी अकल्पनीय आणि इतरांसाठी ‘हलक्या’ मानल्या जात होत्या. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शुश्रूषेला तोवर चिकटलेला विटाळ त्यांनी कृतीने झुगारला. पुढे १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाच्या द्वारे रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले. अशा वेळी समाजाची तोंडे बंद करण्यास ‘सेवा’ हा पवित्र शब्द ढालीसारखा उपयोगी पडला असणार. ‘ती नोकरी करते’ याऐवजी ‘ती सेवा करते’ असे म्हटले की घरच्यांना मान वर करून चालता येत असे.

परंतु ढाल पुढे भिंत झाली. सेवा म्हटली की मोबदला मागणे गैर. त्याग म्हटला की कामाचे तास मोजणे गैर. माता म्हटली की थकणे गैर. जो शब्द तिला घराबाहेर काढण्यासाठी वापरला, तोच पुढे तिचे म्हणणे ऐकून न घेण्यासाठी वापरला जाऊ लागला.

आमच्या परंपरेत याहून अधिक समतोल दृष्टी होती, याचे आम्हांला अलीकडे नवल वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाचे गुण पाहावेत : उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. येथे अनुराग आहे, पण तो चारांतला एक आहे. त्याच्याआधी ज्ञान आणि दक्षता आहेत. शिवाय परिचारक स्वतः चार पादांपैकी एक पाद आहे. उरलेले तीन ढासळले तर एकट्या त्याच्यावर इमारत उभी राहणार नाही, हे त्या मांडणीतच अभिप्रेत आहे. आम्ही लिहिलेल्या मानपत्रात चारांपैकी केवळ अनुराग होता. ज्ञान आणि दक्षता यांचा त्यात उल्लेखही नव्हता, आणि आरोग्यसेविकेची तक्रार नेमकी हीच होती.

३

पाश्चात्त्यांकडेही असेच घडले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे हातात दिवा घेतलेली स्त्री येते. क्रिमियन युद्धानंतर लगेच, १८५७ मध्ये, लाँगफेलो या अमेरिकी कवीने तिच्यावर कविता लिहिली आणि ती प्रतिमा जगभर रुजली. १२ मे या तिच्या जन्मदिनी आपल्याकडील परिचर्या महाविद्यालयांतही दीपप्रज्वलन होते. पण नाइटिंगेल ही संख्याशास्त्राची गाढी अभ्यासक होती. लष्करी रुग्णालयांत मरणारे बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मरतात, हे तिने आकडे आणि रंगीत आकृत्या मांडून सरकारला पटवून दिले. लंडनच्या संख्याशास्त्र सोसायटीची ती पहिली स्त्री सदस्य. हिंदुस्थानातील आरोग्यव्यवस्थेविषयीही तिने येथे कधी न येता वर्षानुवर्षे लेखन आणि पत्रव्यवहार केला. म्हणजे रात्री दिवा घेऊन फिरणारी ती दिवसा नोंदी ठेवीत होती, आणि अधिक जीव बहुधा त्या नोंदींनी वाचविले. काव्याने दिवा उचलला आणि वही तेथेच राहिली.

कळंबच्या आरोग्यसेविकेच्या बोलण्यातही वही होतीच. रजिस्टर भरणे म्हणजे कारकुनी, असे आम्ही समजत होतो. त्यांच्या मते रजिस्टर म्हणजे स्मरण : कोणत्या वाडीवरच्या कोणत्या बाईचे दिवस कधी भरतात, हे पुढच्या आठवड्यात कामाला येते.

४

बांधिलकी, काम आणि शुश्रूषा यांच्या संबंधाचे महाराष्ट्रातले सर्वांत विदारक आणि सर्वांत विचारप्रवर्तक उदाहरण म्हणजे अरुणा शानबाग. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील हळदीपूरची ही मुलगी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, ती त्याच रुग्णालयात खाटेवर होती. तिची शुश्रूषा केली ती तिच्या व्यवसायभगिनींनी.

या कहाणीवर पिंकी विराणी यांचे पुस्तक १९९८ मध्ये आले. मराठी रंगभूमीवर ‘कथा अरुणाची’ हे नाटकही आले. साहित्याचे विद्यार्थी म्हणून आम्ही या कहाणीकडे बहुधा अत्याचाराची आणि शोकाची कथा म्हणून पाहत आलो. येथे आम्हांला तिच्याकडे कामाची कथा म्हणून पाहावयाचे आहे.

सर्वोच्च न्यायालयापुढे रुग्णालयाच्या वतीने जी माहिती ठेवली गेली, तीत एक गोष्ट नमूद होती : इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नव्हता. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस ज्यांनी सांभाळले आहे, त्यांना या वाक्याचे वजन कळेल. पाठीला, कुल्ल्यांना, टाचांना रक्तपुरवठा अडून व्रण होऊ नयेत यासाठी दर दोन तासांनी कूस बदलावी असा नियम असतो. कातडी कोरडी ठेवावी लागते, चादरीला सुरकुती राहू द्यावयाची नसते, पोटात सकस अन्न जावे लागते. नुसत्या कूस बदलण्याचा हिशेब केला तरी तो दिवसाला १२ वेळा आणि वर्षाला चार हजारांहून अधिक वेळा भरतो. या कामाला दर्शनी असे काहीही फळ नाही. शुश्रूषेचे यश असे अभावरूप असते : व्रण झाला नाही, संसर्ग झाला नाही, बाळंतीण दगावली नाही. जे घडले नाही त्याची बातमी होत नाही, आणि त्याचे मानपत्रही लिहिले जात नाही.

दुसरी नोंद याहून विलक्षण आहे. अरुणाला शौचाची वा लघवीची भावना झाली की ती काही आवाज करी आणि परिचारिका तो आवाज ओळखून तिला घेऊन जात, असे त्या माहितीत म्हटले होते. बाहेरच्या माणसाला जो निव्वळ ध्वनी, त्यात परिचारिकांना अर्थ वाचता येत होता. हे वाचन रोजच्या सहवासाने आणि प्रशिक्षित लक्षाने शिकलेले होते. त्याला माया म्हणावे हे खरेच, पण केवळ माया म्हणावे हे त्या कौशल्यावर अन्याय करणारे आहे.

तिसरी गोष्ट. तिला ओळखणाऱ्या, तिच्याबरोबर काम केलेल्या परिचारिका कालांतराने निवृत्त झाल्या. अखेरच्या वर्षांत तिला भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या कित्येकजणींचा १९७३ मध्ये जन्मही झालेला नसणार. म्हणजे ही बांधिलकी व्यक्तिगत मैत्रीची नव्हती. ती एका पाळीने दुसऱ्या पाळीला दिलेली होती. परिचारिकांच्या बोलीत याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात : पाळी संपताना प्रत्येक रुग्णाची स्थिती पुढच्या सिस्टरला समजावून सांगावयाची आणि मगच निघावयाचे. अरुणाची शुश्रूषा म्हणजे चार दशके अखंड चाललेले ओव्हर होते.

परंतु याच कहाणीची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. ज्या वेळी तिला संरक्षण हवे होते त्या वेळी कामाच्या जागी तिला ते नव्हते. हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला. त्यांनी अरुणासाठी योग्य वागणूक आणि स्वतःसाठी सुरक्षित कामाची जागा मागितली. पुढे १९८० च्या दशकात तिला त्या खाटेवरून हलविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा परिचारिकांनी विरोध करून तो हाणून पाडला. संप करणाऱ्या आणि कूस बदलणाऱ्या बायका त्याच होत्या. संप म्हणजे सेवेला फासलेला काळिमा, असे समजणाऱ्यांनी हा योग ध्यानात घ्यावा. त्यांची बांधिलकी खाटेवरच्या बाईशी होती. म्हणूनच प्रसंगी त्या संस्थेच्या विरोधात गेल्या.

आता एक अवघड प्रश्न. पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने, तिला या स्थितीतून मुक्त होऊ द्यावे अशी याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबविण्याचा मार्ग त्याच निकालाने प्रथम खुला केला. पण अरुणाच्या बाबतीत तिची खरी निकटची हितचिंतक म्हणून बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांना ती जगावयास हवी होती. रोजची शुश्रूषा ही येथे अधिकाराचे मूळ ठरली. आम्हांला हा निर्णय योग्य वाटतो, तरीही विराणी यांच्या प्रश्नाचा काटा निघत नाही. सांभाळणाऱ्याची इच्छा आणि सांभाळल्या जाणाऱ्याची इच्छा एकच असते काय? जिला बोलता येत नाही तिच्या वतीने प्रेम बोलू लागले, तर ते प्रेम आपलेच तर बोलत नसेल? पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याची मुभा मिळाली, ती याच प्रश्नाची पुढची पायरी होय. बांधिलकी कितीही खरी असली तरी तिने प्रश्नाच्या पलीकडे जाऊ नये, एवढे तरी या वादातून आपण शिकावे. देवतेला प्रश्न विचारता येत नाहीत. परिचारिकेला विचारता येतात आणि तिलाही विचारता आले पाहिजेत.

५

येथे कोणी म्हणेल की केईएमचे उदाहरण अपवादात्मक आहे. आहेच. मोठे महापालिका रुग्णालय, सर्वांचे लक्ष असलेली एक रुग्ण, पाठीशी उभे राहिलेले अधिष्ठाते, हे सर्व तेथे होते. म्हणूनच ते उदाहरण आमच्या मुद्द्याला पुष्टी देते. आधार मिळाला तेव्हा बांधिलकीचे काय होते, हे तेथे दिसले. आधार नसेल तर काय होते, यासाठी आकडे पाहावे लागतात.

लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत त्यांना असे आढळले की, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आणि परिचारिकेची मने विझून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत. ज्या कारणाने रुग्ण दगावतो त्याच कारणाने बांधिलकीही मरते. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी असे सांगतात. वाचकांनी आपल्या ओळखीच्या कोणत्याही सरकारी वॉर्डात रात्रीच्या पाळीला जाऊन खाटा आणि सिस्टर मोजाव्यात. गावपातळीवर सपाट प्रदेशात ५००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेकडील वाड्या ज्यांनी पावसाळ्यात पाहिल्या आहेत, त्यांना या ३००० माणसांमधली अंतरे ठाऊक आहेत.

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुइणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते, आणि नेमकी त्याच वर्षी करोनाची साथ आली. २२ मार्च २०२० रोजी आम्हीही दारात उभे राहून थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजी रुग्णालयांवर आकाशातून फुले पडली. त्या वेळची कृतज्ञता खोटी नव्हती. पण मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या पदभरतीच्या विरोधात संपावर गेल्या, तेव्हा थाळी वाजविणाऱ्या आमच्यापैकी किती जणांनी त्यांचे म्हणणे समजून घेतले? कंत्राटी नेमणुकीत आज आहे ती उद्या नसेल, तर ओव्हर कोणी कोणास द्यावयाचे? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर अटक झालेल्यांत परिचारिकाही होत्या. कोण किती दोषी, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्हांला दिसते ते एवढेच की, मखरात बसविलेली देवी आणि सर्वांत आधी हाती लागणारी आरोपी यांच्यातले अंतर फार थोडे असते. दोन्ही ठिकाणी एकटी परिचारिकाच दिसते. यंत्रसामग्री, इमारत, नेमणुका आणि वरचे निर्णय चौकटीबाहेर राहतात.

६

आमच्या व्यवसायबंधूंना म्हणून एक विनंती करावीशी वाटते. १२ मे जवळ आला की आमच्या विद्यार्थ्यांना भाषणे लिहावी लागतात, आम्हांला मानपत्रे. मराठी कथा-कादंबऱ्यांत परिचारिका पुष्कळदा येते, परंतु बहुधा नायकाच्या उशाशी. तिची पाळी कधी सुरू झाली, तिच्या वाट्याला किती खाटा आहेत, तिने कोणता निर्णय घेतला, याचा तपशील क्वचितच येतो. शेतकऱ्याचे, गिरणी कामगाराचे, शिक्षकाचे काम मराठी साहित्याने तपशिलाने लिहिले. परिचारिकेचे काम तशा लेखणीची वाट पाहत आहे. आमच्या वर्गात परिचारिकांच्या मुली आणि मुले बसतात. त्यांनीच ते लिहावे आणि आम्ही त्यांच्या वाक्यातून ‘त्यागमूर्ती’ खोडावे.

कळंबचे मानपत्र आम्ही पुन्हा लिहिले. विशेषणे गेली. लसीचा डबा आला, रजिस्टर आले, रात्री गाडी बोलाविण्याचे निर्णय आले. बाईंच्या आग्रहावरून उपकेंद्रातील अंशकालीन स्त्री परिचर असलेल्या मावशींचेही नाव आले. तुटपुंज्या मानधनावर इतकी वर्षे पाणी तापविण्यापासून बाळंतिणीला धरण्यापर्यंत सर्व त्यांनी केले होते. समारंभात मानपत्र वाचताना नेहमीसारख्या टाळ्या मध्येमध्ये पडल्या नाहीत. पाहुण्यांपैकी एकाने, भाषा जरा रुक्ष झाली, असा अभिप्रायही दिला. डोंगरावरून आलेल्या काही बाया मात्र पुढे सरकून ऐकत होत्या आणि मध्येच एकमेकींकडे पाहून मान हलवीत होत्या.

कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही बाईंना विचारले, तुमच्या जागी कोण येणार? त्या म्हणाल्या, “अजून कुणी नाही. शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे जादा चार्ज दिलाय. तिची गावं आणि माझी गावं, दोन्ही तिच्या एकटीकडं.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “तिला सगळी रजिस्टरं समजावून दिलीत. दोन बायांचे दिवस ह्या महिन्यात भरतात, त्या वेगळ्या कागदावर लिहून दिल्यात. पण ती तरी किती ठिकाणी पुरणार, सर?”